आचाऱ्यांचे आचार्य झाले तेव्हा

प्रूफाचं चौसष्टावं पान होतं. कोकणातल्या गावजेवणांवरचं पुस्तक. लेखिकेचं वाक्य असं: 'आचाऱ्यांनी भाताचे टोप उतरवले आणि माडाच्या सावलीत बसून घाम पुसला.' माझ्या हातातल्या कागदावर मात्र छापलं होतं, 'आचार्यांनी भाताचे टोप उतरवले'. चुलीपाशी तापलेली माणसं एका खुणेच्या फरकाने विद्यापीठात जाऊन बसली होती.

बावीस वर्षं मुद्रितशोधन करतेय. असली चूक दिसली की हात आपसूक लाल पेनाकडे जातो. पण त्या पानावर तशाच चार चुका होत्या आणि पुढच्या पानावर सहा. लेखिकेला फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो, मी बरोबर लिहिलंय, तुम्ही मूळ फाइल बघा." बघितली तर खरंच बरोबर होतं. आणखी बुचकळ्यात टाकणारी गोष्ट म्हणजे त्याच पानावरचं 'पायऱ्या' शाबूत होतं. म्हणजे एकाच पानावर एक ऱ्य धड आणि बाकीचे मोडलेले. थोड्या वेळाने आठवलं, 'पायऱ्या' असलेली ती ओळ मी स्वतः दुरुस्त करून पुन्हा टंकली होती.

मराठी वाचणाऱ्याला 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक सांगावा लागत नाही. एकीकडे समुद्र, दुसरीकडे डोंगरांमधल्या खोल जागा. र्य मधला र वर चढून रफार होतो, ऱ्य मधला र पापणीसारखा आडवा होऊन पुढच्या अक्षराला बिलगतो. संगणकाला हा आडवा र दोन तऱ्हांनी सांगता येतो. इन्स्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत शिफ्ट धरून जे दाबला की ऱ उमटतो, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे य द्यायचा. मी असंच टंकते. दुसऱ्या तऱ्हेत साधा र घेतात, त्याचा पाय मोडतात आणि मधे एक न दिसणारं चिन्ह घालतात. ते कागदावर जागा घेत नाही, त्याचं काम फक्त शेजारच्या अक्षरांनी कोणतं रूप घ्यायचं ते सांगण्याचं. काही फोनेटिक कीबोर्ड आपल्या नकळत ते घालतात. लेखिकेचा कीबोर्ड त्यांतला होता. ते अदृश्य चिन्ह गळून पडलं की उरतो र्य. आणि आचाऱ्यांचे आचार्य होतात.

चिन्ह गाळलं कुणी, तेही सापडलं. हस्तलिखितं मांडणीसाठी तयार करायला मी एक मुक्तस्रोत, म्हणजे ओपन सोर्स प्रोग्रॅम वापरते; त्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो. छोटा आहे, तिघे-चौघे मिळून चालवतात. त्याचं नाव इथे घेत नाही. त्याच्या नव्या आवृत्तीत फाइल आत घेताना सगळी अदृश्य चिन्हं काढून टाकायची सोय आली होती, आणि ती आपोआप चालू होती. आता कळतं की तिच्यामागे वाजवी कारण होतं. इकडून तिकडून मजकूर चिकटवताना असली चिन्हं कचऱ्यासारखी सोबत येतात, त्यांच्यामुळे शोध चुकतात, हुबेहूब दिसणारे दोन शब्द वेगळे निघतात. हा निर्णय घेणाऱ्याने आपल्या परीने घर झाडलं होतं. त्या केरात आमचा ऱ्य गेला, ते त्याला दिसणं शक्यच नव्हतं.

त्या रात्री एक वाजता मी त्यांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. ती अजून तिथे आहे, कुणालाही वाचता येते. तिच्यातल्या इंग्रजीचा मराठी मथितार्थ असा: तुम्ही आमची भाषा मोडली आहे, हजारो मराठी प्रकाशकांचं नुकसान होत आहे, ही सोय ताबडतोब काढून टाका. दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं. हे जाणूनबुजून केलेलं आहे, नको असेल तर मांडणीच्या पसंतीत जाऊन बंद करा. आणि तक्रार बंद.

मला फार राग आला. फुकट देता म्हणून आम्ही काही बोलायचंच नाही का, असं मनात आलं. भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला फोनवर सगळं ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, तू त्याला दाखवलंस काय?" मी काहीच दाखवलं नव्हतं. एक शब्द नाही, एक चित्र नाही. ज्या हजारो प्रकाशकांच्या नावाने मी बोलले, त्यांतल्या एकालाही विचारलं नव्हतं.

ते पत्र मी पुन्हा उघडलं ते मार्च 2024 च्या शेवटी, एक्सझेडची बातमी वाचून. एक्सझेड हे फाइली आवळून लहान करायचं साधन, लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या जवळजवळ प्रत्येक वितरणात (तयार संचात) असतंच. ते अनेक वर्षं लासे कॉलिन नावाचा फिनलंडमधला एक माणूस जवळपास एकट्याने सांभाळत होता, बिनपगारी. 2022 मध्ये काही जणांनी त्याच्यामागे लकडा लावला. नवी आवृत्ती का येत नाही, पाठवलेल्या दुरुस्त्या का पडून आहेत, जमत नसेल तर दुसऱ्या कुणाकडे सोपवा. त्याने उत्तरात सांगितलं की बरेच दिवस मानसिक स्वास्थ्य ठीक नाही, आणि हे काम बिनमोबदल्याचं, हौसेचं आहे हेही ध्यानात असू द्यावं. त्यानंतरही टोचणी चालूच राहिली. मग जिया तान या नावाने तत्परतेने मदत करणाऱ्याच्या हाती हळूहळू अधिकार गेले. फेब्रुवारी 2024 मध्ये 5.6.0 ही आवृत्ती आली, मागोमाग 5.6.1, आणि दोन्हींत चोरदरवाजा होता. दूरच्या यंत्रात शिरायला जी वाट जगभर वापरली जाते, तीच उघडून देणारा. लकडा लावणारी ती नावं नंतर कुठेच दिसली नाहीत. त्यांच्यामागे खरे वापरणारे नव्हतेच, तो दबाव रचलेला होता, असंच बहुतेक अभ्यासकांचं म्हणणं आहे.

मी सुन्न झाले. त्या निरोपांची भाषा आणि माझ्या रात्री एकच्या पत्राची भाषा शेजारी ठेवली तर फार फरक नव्हता. तोच 'आम्ही सगळे', तेच 'ताबडतोब'. माझा हेतू स्वच्छ होता, पण समोरच्या माणसाला तो दिसणार कुठून? वापरणाऱ्याचा मुखवटा घालून कुणीही येऊ शकतं. थकलेल्या माणसावर रेटा वाढवायला अशी दोन-चार पत्रं पुरतात.

पण हीच गोष्ट उलट्या बाजूनेही माझ्या मनात बसली आहे. चोरदरवाजा सापडला तो कुठल्या मोठ्या तपासणीत नव्हे. आंद्रेस फ्रॉइंड हा मूळचा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा. डेबियन या लिनक्स वितरणाच्या अस्थिर आवृत्तीवर काही मोजमापं करताना त्याला दिसलं की दूरच्या यंत्रात शिरायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसरवर उगीच ताण येतोय. अर्धा सेकंद! तुम्ही-आम्ही तो चहाच्या घोटासोबत सोडून दिला असता. त्याने त्याचा माग काढला आणि 29 मार्चला जे दिसलं ते पुराव्यासकट जगासमोर ठेवलं. एक्सझेड त्याने लिहिलेलं नव्हतं, तो ते वापरणारा होता. त्याने कुणाला दटावलं नाही, काय पाहिलं ते नेमकं सांगितलं.

भाचा एकदा म्हणाला होता की ओपन सोर्समध्ये वापरणाऱ्याला मत नसतं. तेव्हा ते लागलं होतं, पण ते खरं आहे. डेबियनचंच बघा. 1997 च्या त्यांच्या सामाजिक करारात लिहिलेलं आहे की आमचं प्राधान्य आमचे वापरणारे आणि मुक्त सॉफ्टवेअर. मतदान मात्र प्रकल्पाचे मान्यताप्राप्त सदस्य करतात, आणि सदस्यत्व काम करून मिळवावं लागतं. 2014 मध्ये सिस्टिमडीवरून, म्हणजे यंत्र सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणाऱ्या प्रोग्रॅमवरून, तिथे मोठं रण माजलं, तेव्हाही नुसत्या वापरणाऱ्यांच्या हाती मतपत्रिका नव्हती. ज्यांना निर्णय पटला नाही त्यांतल्या काहींनी डेव्हुआन नावाचं वेगळं घर थाटलं.

वेगळं घर थाटायचा हा हक्क परवान्यातच आहे. कोड घ्या, बदला, पुढे द्या. याला फोर्क म्हणतात. लिनक्सवर पडदा, खिडक्या, बटणं दाखवणाऱ्या नोमचं उदाहरण मला जवळचं आहे, कारण माझ्या दोन यंत्रांतल्या जुन्यावर त्यातूनच फुटून निघालेला माटे चालतो. एप्रिल 2011 मध्ये नोम 3 आलं आणि सवयीचा पडदा पार पालटला. उघड्या खिडक्यांची खालची पट्टी गेली, खिडकी खाली सरकवायचं बटणही दिसेनासं झालं. लोक खवळले. पण त्या वर्षी अर्जेंटिनातल्या एका आर्च लिनक्स वापरणाऱ्याने खवळण्यापलीकडे एक काम केलं. नोम 2 चा जुना कोड उचलला आणि तो चालता ठेवायला घेतला. दक्षिण अमेरिकेत माटे नावाचं एक पेय पितात, त्याचंच नाव दिलं. तिकडे लिनक्स मिंट या वितरणवाल्यांनी सिनॅमन हा आपला वेगळा पडदा घडवला. नोमने आपली दिशा सोडली नाही, पण 2013 च्या 3.8 आवृत्तीत जुन्या वळणाची एक 'क्लासिक' मांडणी दिली. निघून गेलेल्या माणसांचं वजन मागे राहिलेल्यांना जाणवलं असणार, असं मला वाटतं.

नोमच्या लोकांची बाजूही मला पटते. प्रत्येक जादा पर्याय कुणाला तरी जपावा लागतो, तपासावा लागतो, दर आवृत्तीत दुसऱ्या पन्नास पर्यायांशी जुळवून घ्यावा लागतो. सगळ्यांचं सगळं ऐकलं तर कुणालाच वापरता न येणारी वस्तू तयार होते. गिंप या चित्रं करायच्या प्रोग्रॅमने 2012 च्या 2.8 आवृत्तीत दोन गोष्टी एकदमच केल्या. सुट्या सुट्या खिडक्यांऐवजी सगळं एका खिडकीत बसवा, ही वर्षानुवर्षांची मागणी मान्य केली. आणि त्याच आवृत्तीत 'सेव्ह' फक्त गिंपच्या स्वतःच्या फाइलपुरतं ठेवून जेपेगसाठी 'एक्स्पोर्ट' वेगळं काढलं. यावर लोक कित्येक वर्षं भांडले. ते बधले नाहीत. मुखपृष्ठं करणारी बाई म्हणून मी त्यांच्या बाजूची आहे. जेपेगमध्ये थर राहत नाहीत. सेव्ह केलं म्हणून निर्धास्त झोपलेल्या माणसाला सकाळी आपले थर गेलेले दिसणं, यासारखा घात नाही.

पैशानेही वजन पडतं, हे लपवण्यात अर्थ नाही. ब्लेंडर हा त्रिमितीय चित्रांचा प्रोग्रॅम बनवणारी कंपनी 2002 मध्ये बुडाली, तेव्हा त्याचा जनक टोन रोझेनडालच्या हाकेला ओ देऊन लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवले आणि त्या वर्षी 13 ऑक्टोबरला ब्लेंडर मुक्त झालं. ते वापरणाऱ्यांनीच सोडवून आणलेलं आहे. पण मला त्या पैशांपेक्षा पुढची गोष्ट मोलाची वाटते. काही वर्षांनी ॲमस्टरडॅममध्ये त्यांनी लघुपट करायला घेतले, चित्रकार आणि कोड लिहिणारे एकत्र बसवून. चित्रकाराचा हात कुठे अडखळतो ते कोड लिहिणाऱ्याला तिथल्या तिथे दिसायचं.

इथे माझी अडचण येते. पुण्यातल्या मुद्रितशोधक बाईला कोड लिहिता येत नाही, म्हणून फोर्क काढता येत नाही. मोठी देणगी देता येत नाही. दुसऱ्या खंडातल्या माणसाशेजारी खुर्ची टाकून बसता येत नाही. तिला फक्त साक्ष देता येते. मराठीसाठी ती साक्ष दुसरं कुणी देणारही नाही. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श घ्या. महाराष्ट्र शासनाने 2009 च्या निर्णयात तीच रूपं मराठीची म्हणून धरली आहेत. कित्येक देवनागरी फॉन्टांत मात्र आधी हिंदी वळणाची रूपं येतात, आणि मजकुराची भाषा 'मराठी' अशी लावली तरच आपली. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, स्वतंत्रपणे आलं ते 2008 साली, 5.1 आवृत्तीत. तोवर अ घेऊन त्यावर चंद्र चढवत होतो. हिंदी वाचणाऱ्याला यांत काही उणं दिसत नाही, जर्मन कोडवाल्याला तर नाहीच नाही. आम्ही मराठी माणसं एकमेकांत कुरकुरतो, लाल पेनाने दुरुस्ती करतो आणि पुढच्या पानाकडे वळतो. मीही हेच करत आले. बावीस वर्षांत अशा किती चुका मी कागदावर सुधारल्या आणि ज्याच्या हातून होत होत्या त्याला एका शब्दाने कळवलं नाही, याचा मला मनापासून सल आहे.

दुसरं पत्र लिहायला चार दिवस लागले. भाच्याने फक्त इंग्रजी तपासलं. सुरुवातीला माझ्या आधीच्या भाषेबद्दल क्षमा मागितली. मग दोन शब्द, मोठ्या अक्षरांत, चित्रासह: आचाऱ्यांना आणि आचार्यांना. पहिल्याचा अर्थ स्वयंपाक करणाऱ्यांना, दुसऱ्याचा गुरूंना. त्याखाली फाइल आत घेण्याआधीची आणि घेतल्यानंतरची तीच ओळ. तीन शब्दांची लहानशी फाइल जोडली, म्हणजे त्याला स्वतः करून बघता यावं. आणखी कुणाला त्रास होतो ते या वेळी विचारलं होतं. ओळखीच्या दोन अक्षरजुळणीवाल्यांकडे हेच घडत होतं, तेवढंच लिहिलं. सोय काढून टाका असं म्हटलं नाही. 'या ठिकाणी शब्दाचा अर्थ बदलतो' इथे थांबले.

त्याच संध्याकाळी उत्तर आलं. पहिलं उत्तर ज्याने दिलं होतं त्याचंच. त्याने लिहिलं होतं की ही चिन्हं अर्थ बदलू शकतात हे मला ठाऊक नव्हतं, तुमच्या फाइलमुळे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. मग प्रश्नांची सरबत्ती. हे चिन्ह नेहमी पाय मोडल्यावरच येतं का? शब्दाच्या शेवटी येतं का? मी शब्द पाठवत राहिले. वऱ्हाड, कुऱ्हाड, गोवऱ्या, कोऱ्या, सुऱ्या, दुसऱ्याला. आठवडाभर आमचं असं चाललं होतं. त्याच्याकडे सकाळ, माझ्याकडे रात्र.

शेवटी त्याने जे केलं ते मला सुचलं नसतं. झाडू तसाच ठेवला, पण मोडलेल्या पायानंतर लगेच येणारं अदृश्य चिन्ह सोडून द्यायचं असा नियम घातला. असला नियम आधीच अस्तित्वात आहे म्हणाला. संकेतस्थळांच्या नावांत हे चिन्ह कुठे चालेल याची 2010 ची अट अशीच आहे, आधी मोडलेला पाय हवा. मी पहिल्या पत्रात मागितलं होतं ते मिळालं असतं, तर बाकीच्या जगाचा केर परत आत आला असता. दुखतं कुठे ते मला ठाऊक होतं. औषधाची माहिती त्याला होती.

नवी आवृत्ती आली त्या दिवशी चौसष्टाव्या पानाची मूळ फाइल पुन्हा आत घेतली. आचारी आपल्या चुलीपाशी परत आले होते. पुस्तक तोवर छापून झालं होतं, सगळे ऱ्य हाताने दुरुस्त करून.

गेल्या महिन्यात ती तक्रार पुन्हा उघडली गेली. कोलकात्यातल्या कुणी लिहिलंय की बंगालीत 'रॅली' सारखे शब्द लिहिताना हे चिन्ह र नंतर आणि पाय मोडण्याच्या आधी येतं, म्हणून नव्या नियमातही ते गळतं आणि त्यांचा र मोडलेलाच राहतो. आमच्यासाठी केलेली वाट त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हती, आणि मी विचारलंसुद्धा नव्हतं. त्यांनी चित्र जोडलंय, आधीची ओळ आणि नंतरची ओळ. मला बंगाली वाचता येत नाही, पण त्या दोन ओळींतलं वेगळेपण मला लगेच दिसलं. कोड लिहिणाऱ्याने आम्हा दोघांना विचारलंय की नियम बदलायचा तर दोन्ही भाषांतले तपासायला शब्द द्या. काल रात्री माझी यादी पुन्हा काढली. आचाऱ्यांना सगळ्यात वर ठेवलंय, खाली दऱ्या, मग वऱ्हाड. चाळीस शब्द झाले आहेत. आणखी काही आठवले की आज पाठवते.